मेलेल्यांची हजेरी

आमच्या सरांनी माझी मुलाखत मासा साफ करायला लावून घेतली. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, ही वाढवून सांगतेय. नाही वाढवत. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. ठाण्याच्या एका औषध कंपनीत लॅब असिस्टंटची जागा निघालेली आणि मी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून विठ्ठलवाडीहून आलेले. बाहेर बाकावर आणखी चार जणी बसलेल्या. आत गेले तर टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर एक बोय मासा, एक सुरी आणि बाजूला पाण्याचं तपेलं. टेबलामागे पन्नाशीचे, काळेसावळे, बारकेसे एक गृहस्थ. पायात रबरी चपला.

"साफ करता येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं.

"कर. पित्त फुटता कामा नये."

केला साफ. पित्ताची हिरवी पिशवी अख्खी काढून कागदावर ठेवली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती जवळून बघितली, बोटाने जराशी ढकलली आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." सर्टिफिकेटची पिशवी मी उघडलीसुद्धा नाही. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, आणि त्या काळात, त्या कंपनीत, आडनाव न विचारणं म्हणजे काय हे ज्यांना ते पदोपदी विचारलं गेलंय त्यांनाच कळेल. आम्ही बौद्ध. कँटीनमध्ये पहिल्या दिवशी तिघींनी विचारलं.

महिनाभराने मला कळलं की आमचं सगळं काम पांढऱ्या उंदरांच्या लिव्हरवर चालतं आणि उंदराला पित्ताची पिशवी नसतेच. मी म्हटलं, सर, मग तो मासा कशाला? म्हणाले, "मला हात बघायचा होता." मग म्हणाले, "आणि वहिनीने सकाळी बोय आणायला सांगितलाच होता."

सर चेंदणी कोळीवाड्यातले. वडील खाडीत जाळं टाकायचे, मोठा भाऊ तेच करायचा, आणि मधल्या या मुलाने पीएच.डी. केलेली. लग्न केलं नाही. सायकलने यायचे, पँटच्या पायाला क्लिप लावून, आणि ती क्लिप काढायची विसरून दिवसभर तसेच फिरायचे. मोठ्या साहेबांशी बोलताना पुण्याच्या प्रोफेसरसारखं शुद्ध मराठी, आणि यंत्र बिघडलं की त्याच्याशी अस्सल कोळी भाषेत भांडण. डब्यात रोज मासे. वासावरून इतर डिपार्टमेंटची माणसं नाकं मुरडायची. सरांच्या ते गावीही नसायचं, की गावी असून दाखवत नसायचे, देव जाणे.

त्यांच्या खोलीत शिरायचं तर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि धुताना सतराचा पाढा पूर्ण, मोठ्याने म्हणायचा. पाढा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ लावून मिनिटं मोजायला माणसाला आळस येतो, पाढ्यात चोरी करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. रिसर्चचे सर्वेसर्वा, टाय लावलेले. सरांनी त्यांनाही बेसिनपाशी उभं केलं. साहेब सतरा सक अडुसष्ट म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "एकशे दोन. पहिल्यापासून घ्या." मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी ओठ चावून धरले. साहेब ते विसरले नाहीत, एवढं मी नंतर समजले.

आता काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माणूस गोळी खातो ती जाते लिव्हरकडे. तिथे तिची मोडतोड होते. काही औषधं अशी असतात की पहिल्या दिवशी काही करत नाहीत, पंधरा दिवस घेतली की हळूहळू लिव्हर मारतात. डोळे पिवळे होईपर्यंत पत्ता लागत नाही. हे माणसाला गोळी द्यायच्या आधी कळावं म्हणून उंदराच्या लिव्हरच्या पेशी सुट्या करून बशीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषध टाकून बघायचं. सगळीकडे हे काम असं चालायचं की पेशी बशीच्या तळाला चिकटायच्या, घावनासारख्या पसरायच्या, आणि तीन-चार दिवसांत आपण लिव्हर आहोत हेच विसरायच्या. जिवंत असायच्या, पण काम बंद. मग पंधरा दिवसांनी काय होतं ते त्या सांगणार कशा?

सरांचं वेड असं की पेशीला चिकटू द्यायचंच नाही. बशीला आतून अगरचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, थर द्यायचा, त्यावर पेशी बसत नाहीत. आणि बशी सतत हलती ठेवायची, पाळण्यासारखी नाही, सुपासारखी. मग पेशी एकमेकींना शोधतात, बिलगतात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांचे गोळे होतात, खसखशीहून बारीक. हे गोळे तीन-तीन आठवडे लिव्हरचं काम करत राहतात. आत पित्ताच्या नळ्यासुद्धा तयार करतात. सर म्हणायचे, "एकटी पेशी वेडी होते. तिला शेजार लागतो." स्वतः सडेफटिंग माणूस, पण हे सांगताना आवाज असा व्हायचा की मी बशांकडेच बघत राहायचे.

बशी हलवायचं विलायती यंत्र कंपनीने दिलं नाही. सरांनी खोपटच्या एसटी डेपोतल्या एका मेकॅनिकला गाठून भंगारातल्या बसच्या वायपरची मोटर आणली, तिच्यावर लाकडी फळी ठोकली आणि फळीवर बशा मांडल्या. ती मोटर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, खटक खटक करत सहा वर्षं चालली. बंद पडली की मेकॅनिक सुट्टीच्या दिवशी यायचा, चहा प्यायचा, दुरुस्त करायचा. त्यालाही सतराचा पाढा पाठ झालेला.

पेशींना एक दिवसाआड नवीन खाणं द्यायचं. खाणं म्हणजे एक गुलाबी पाणी. मोटर थांबवायची, बशी कलती करायची, गोळे तळाला बसेपर्यंत सात मिनिटं थांबायचं, मग वरचं जुनं पाणी पिपेटने ओढून नवीन घालायचं. ओढलेलं पाणी टाकायचं नाही. मेलेल्या पेशी गोळ्यातून सुटतात आणि त्या पाण्यात तरंगतात. ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, खाली बसलेल्या गाळावर निळा रंग टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. सर रोज सकाळी आल्या आल्या तेच विचारायचे. बाकी लोक गोळे बघायला धावायचे. सर म्हणायचे, "जिवंत आहेत ते दिसतातच. मेलेल्यांची हजेरी आधी घे."

एकदा घाईत मी सात मिनिटांऐवजी पाचच मिनिटं थांबले आणि रजिस्टरमध्ये सवयीने सात लिहिलं. सर मागे उभे होते, मला माहीत नव्हतं. त्यांनी तीन आठवड्यांच्या त्या प्रयोगावर पानभर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, सगळ्या बशा काढून टाकल्या. मी रडकुंडीला आले. म्हटलं, दोन मिनिटांसाठी? म्हणाले, "पाच लिहिलं असतंस तर चाललं असतं. पाच थांबलीस आणि सात लिहिलंस, ते नाही चालत." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की हा माणूस माथेफिरू आहे, मी नोकरी सोडणार. आई म्हणाली, सोड आणि घरी बसून कुरडया घाल. दुसऱ्या दिवशी मी गपचूप कामाला गेले.

सहा वर्षं त्या खोलीला कुणी विचारत नव्हतं. कंपनी औषधं द्यायची ती जिवंत उंदरांना आणि चिकटलेल्या पेशींना. आमचे गोळे म्हणजे सरांचा छंद. मग सांधेदुखीवरची एक नवी गोळी आली. कंपनीच्या मोठ्या आशा होत्या तिच्यावर. उंदरांवर ठीक, चिकटलेल्या पेशींवर ठीक. कुठल्याशा परदेशी पाहुण्यासमोर मोठ्या साहेबांच्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे पेशींच्या गोळ्यांवरही चाचणी होते, आणि मग ती करणं भाग पडलं. साहेबांनी सरांना शब्द दिला, रिपोर्ट नीट आला तर स्वतंत्र खोली आणि विलायती यंत्र. सरांनी मला तो शब्द जसाच्या तसा सांगितला. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा मला कळलं की माणूस खुश आहे.

नेमका तेव्हाच त्यांचा मोतिबिंदू पिकला. दोन वर्षं टाळलेलं ऑपरेशन आता टळेना. तेव्हा ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्याला जपावं लागायचं. प्रयोग पुढे ढकला म्हटलं तर साहेब म्हणाले, तारीख ठरलीय. सर मला म्हणाले, "तुझा हात आहे म्हणून जातो." सहा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. मी किती फुगले होते काय सांगू.

आणि त्याच महिन्यात मी ती चूक केली.

पहिल्या आठवड्यानंतर औषध घातलेल्या बशा गढूळ व्हायला लागल्या. त्या औषधाची पावडर पाण्यात नीट विरघळायची नाही, पांढरट दिसायचं, म्हणून मला वाटलं तेच तरंगतंय. तशात मोठे साहेब चक्कर मारायला आले. बशी उजेडाला धरली आणि म्हणाले, "बाई, हे घाण का दिसतंय? स्वच्छता ठेवता ना इथे?"

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर तिने खांदे उडवले असते. मला ते लागलं. लहानपणापासून या शब्दाने मला टोचलंय, शाळेतल्या माठापासून. मी ठरवलं, पुन्हा या माणसाला माझी बशी घाण दिसणार नाही. दुसऱ्या दिवसापासून खाणं बदलायच्या आधी मी प्रत्येक बशी धुवायला लागले. गुलाबी पाणी घालायचं, हलकेच फिरवायचं, ओतायचं. पुन्हा घालायचं, पुन्हा ओतायचं. पाणी निवळशंख होईपर्यंत, आपण तांदूळ धुतो तसं. मग नियमाप्रमाणे सात मिनिटं, मग पिपेट, मग सेंट्रिफ्यूज, मग निळा रंग, मग मोजणी. मोजणीत मेलेल्या पेशी नगण्य यायच्या. येणारच, हजेरीच्या आधीच मी त्यांना बाहेर काढलेलं. गोळे थोडे कमी होत गेले, पण पिपेटमध्ये एखाद-दुसरा गोळा नेहमीच जातो. मी जे मोजलं ते लिहिलं. रजिस्टरमध्ये एकही आकडा खोटा नव्हता. फक्त धुतल्याचं कुठे लिहिलं नाही, कारण धुणं हे काम आहे असं मला वाटलंच नाही. घरात भांडी विसळल्याचं कोण लिहून ठेवतं?

सर काळा चष्मा लावून परत आले, रजिस्टर डोळ्याला चिकटवून पान न् पान वाचलं आणि रिपोर्टवर सही केली. औषध निर्धोक. हेड ऑफिसातून पेढे आले. सर त्या आठवड्यात कँटीनमध्ये येऊन सगळ्यांमध्ये बसले, असं कधी होत नसे.

सरांचा नियम होता की रिपोर्टवर सही होईपर्यंत कुठलंही पाणी मोरीत जाता कामा नये. त्यामुळे धुतलेलं पाणी दोन बरण्यांत साठवून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं, औषध न घातलेल्या साध्या बशांचं एकीत, औषधाच्या बशांचं दुसरीत. सही झाली, आता बरण्या रिकाम्या कराव्या म्हणून मी काढल्या. पहिली बरणी स्वच्छ. दुसरीच्या तळाला दोन बोटं जाडीचा पांढरा थर. पावडर असेल, म्हटलं. तरी हात थांबेना. एक थेंब काचेवर घेतला, निळा रंग टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

सगळं निळं. पावडरचा कण नाही. पेशीच पेशी, मेलेल्या.

मी बरणी परत फ्रिजमध्ये ठेवली, दार लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस. मनाशी म्हणायचे, उद्या सांगते. सर सायकलवरून उतरताना शीळ घालायला लागलेले. नव्या खोलीचा नकाशा त्यांनी पेशींच्या खाण्याच्या हिशोबाच्या कागदावरच काढला होता आणि मला विचारत होते, बेसिन दाराच्या डावीकडे बरं की उजवीकडे? मी म्हणायचे, उजवीकडे. आमच्या घरी बाबा रोज सकाळी पंचशील म्हणायचे, आम्ही मागून. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज बसायचा. बाबांना वाटलं घसा धरलाय, हळदीचं दूध दिलं. मी ते प्यायले.

माझी नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती होती सरांच्या तोंडाकडे बघण्याची.

नवव्या दिवशी कँटीनच्या फळ्यावर यादी लागली. गोळी आता निरोगी माणसांना देऊन बघायची होती, आणि त्यासाठी कंपनीतल्याच पोरांनी नावं दिलेली. तिसरं नाव माझ्या धाकट्या भावाचं. तो पॅकिंगला टेम्पररी होता, मीच लावलेलं त्याला.

घरी मी त्याला म्हटलं, "नाव काढ."

"का गं ताई? टेन्शन कशाला घेते?" तो टीव्ही बघत म्हणाला. "पंधरा दिवस गोळ्या खायच्या, फुकटमध्ये सगळी तपासणी. आणि साहेब बोल्ले, ज्यांनी नाव दिलंय त्यांना परमनंट करायला बघू."

"मी सांगते म्हणून काढ."

"तुझ्याच सरांनी पास केलीय ना गोळी? मग बिनधास्त."

दोन रात्री मी त्याच्या अंथरुणाकडे बघत बसले. रविवारी सकाळी उठले आणि चेंदणीला गेले.

अंगणात सरांची वहिनी जवळा वाळत घालत होती. "आयलीस? बस गो पोरी," म्हणाली आणि आत हाक मारली. सर बनियनवर बाहेर आले, नवा जाड चष्मा लावलेला. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांचं वाक्य, धुणं, बरणी, निळा रंग.  सांगून झालं तेव्हा सरांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला.

"बरणी टाकलीस?"

"नाही सर. फ्रिजमध्ये आहे."

"बरं केलंस." मग विचारलं, "कळून किती दिवस झाले?"

"अकरा."

"आणि यादी कधी लागली?"

यादीत माझा भाऊ आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण कँटीनमधून जाता-येता त्यांनीही ती वाचली असणार, आणि आडनाव न विचारणाऱ्या माणसाला माझं आडनाव सहा वर्षांत माहीत झालेलंच.

"परवा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी पायाच पडले असते आणि मोकळी झाले असते. वहिनीने चहा आणला. सरांनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पी. उद्या लवकर ये."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं कंपनीचं आहे. रिपोर्ट मागे घेतला गेला. यादी फळ्यावरून उतरली. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सरांना सर्वांसमोर विचारलं की एका मुलीच्या हातावर जी पद्धत अवलंबून आहे तिच्यावर कंपनीने का अवलंबून राहावं. सर म्हणाले, "सगळ्याच पद्धती कुणा ना कुणाच्या हातावर अवलंबून असतात. सही माझी होती." एवढंच. चाचणी आम्ही पुन्हा केली, न धुता. नवव्या दिवसापासून मेलेल्यांचा आकडा वाढत गेला तो खाली आलाच नाही. कंपनीने गोळी गुंडाळून ठेवली, आणि कारण दिलं की बाजारात आता मागणी नाही. माणसांना ती खरंच बाधली असती का, हे कुणालाच ठाऊक नाही. उंदराची पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे सरच मला शंभरदा सांगायचे.

सहा महिन्यांत आमची खोली बंद झाली. वायपरची मोटर भंगारात गेली. सरांना क्वालिटी कंट्रोलला बसवलं, चंचुपात्रात गोळी किती मिनिटांत विरघळते ते बघायला. पीएच.डी. माणूस. निवृत्त होईपर्यंत तेच केलं, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. मी गेलेले शेवटचं बघायला. आता म्हणे मोठमोठ्या कंपन्या असेच गोळे वापरतात, शेकड्याने, यंत्राने भरलेले. माझ्या भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मी बघितला आणि म्हटलं, हो, असेच दिसायचे.

भाऊ परमनंट झाला नाही. कंपनीला आणि साहेबांना शिव्या घालत त्याने डोंबिवलीत रिक्षा घेतली, पुढे शाळेची गाडी. नातवंडं आहेत त्याला. चाचणी का रद्द झाली ते मी त्याला कधी सांगितलं नाही. आणि मी स्वतःला विचारते ते वेगळंच आहे. यादीत त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या भावाचं नाव असतं, तर मी बाराव्या दिवशी चेंदणीला गेले असते का? पंचविसाव्या? मला उत्तर येत नाही. म्हणजे येतं, पण ते बरं नाही.

त्या सोमवारबद्दल मात्र मी अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी सर माझ्याही आधी आलेले. बरणीतला गाळ त्यांनी स्वतः मोजायला घेतला. नव्या डोळ्याने, थेंबामागून थेंब, दुपारपर्यंत. मग रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. त्याला जोडायला कंपनीचा एक छापील कागद असायचा, ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतःच्या अक्षरात भरायचा. काय झालं, कसं झालं, आणि शेवटी एक ओळ, चूक लक्षात आल्याची तारीख. खाली वरिष्ठाची सही.

मी काय झालं ते लिहिलं, काही न लपवता. कसं झालं ते लिहिलं, तांदूळ धुतल्यासारखं हेसुद्धा लिहिलं. शेवटच्या ओळीपाशी आले. बरणी बघितली त्या दिवसाची, आता बारा दिवसांपूर्वीची, तारीख लिहिली असती तर दुसऱ्या दिवशी मी घरी असते, कदाचित पोलिसही घरी असते. यादीतल्या पोरांना काही झालं नव्हतं, पण मी यादी वाचूनही गप्प होते. मी आदल्या दिवसाची, रविवारची तारीख लिहिली.

कागद सरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्याजवळ नेला आणि वरपासून वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. वायपरची मोटर खटक खटक चालू होती.

"हीच तारीख लिहायची?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

मला दुसरी संधी देत होते. मला तेव्हाही कळलं होतं.

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं, माझ्या तारखेखाली 'वाचले. बरोबर आहे.' असं लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर खोली बंद होईपर्यंत सहा महिने आम्ही एकत्र काम केलं. माझं रजिस्टर त्यांनी पुन्हा कधी वाचलं नाही. मी पान उघडून समोर धरायचे, ते माझ्या बोटाखाली सही करायचे. माझ्यावर विश्वास होता म्हणून वाचत नव्हते, की उरला नव्हता म्हणून, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही, आणि मग विचारायला ते राहिले नाहीत.